आपल्या म्हाताऱ्यांच्या पोटाची नोंद कोण घेणार?

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज सुट्टी आहे तर बसलेच. पोस्ट मोठी होणार आहे, पण लातूर-बीड-परभणीकडच्या लोकांनी, त्यातही मेडिकल, मायक्रोबायोलॉजी आणि कृषीवाल्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

मी रेणापूर तालुक्यातली, सध्या आयर्लंडमध्ये कॉर्क शहरात पीएचडी करतेय. विषय म्हणजे म्हातारपण आणि आतड्यातले जिवाणू. घरी मी सरळच सांगते की म्हाताऱ्या माणसांच्या संडासचे नमुने येतात, त्यातले जिवाणू वाढवायचे, ते काय खातात आणि काय तयार करतात ते बघायचं. मावशी फोनवर म्हणाली, "एवढं शिकून हेच करायलीस का माय?" मला राग नाही आला. आपल्याकडं सकाळी उठल्या उठल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला 'पोट साफ झालं का' विचारतातच, त्यावर इसबगोल, हरडा, एरंडेल, कोमट पाणी सगळी चर्चा मोकळेपणानं चालते, पण तेच डबीत घालून तपासायला द्या म्हणलं की सगळ्यांना लाज वाटते. ही लाज जायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, म्हणून आधी कामाबद्दल सांगते.

२०१६ मध्ये आलेल्या हिशोबानुसार सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात, आणि त्याच्या स्वतःच्या पेशी ३० लाख कोटीच्या आसपास. सगळ्या जिवाणूंचं मिळून वजन फक्त दोनशे ग्रॅम. ह्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात, जिथं हवा जवळजवळ नसतेच, त्यामुळं बऱ्याच जिवाणूंना ऑक्सिजनचा स्पर्श झाला की ते मरतात. म्हणून आमचं काम एका मोठ्या पारदर्शक पेटीत चालतं, आत नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि थोडासा हायड्रोजन. पेटीला रबरी बाह्या असतात, त्यात कोपरापर्यंत हात घालून सगळं करायचं, झाकण उघडणं, थेंब टाकणं, बाटल्यांवर नंबर लिहिणं. जिवाणूंच्या खाद्यात एक रंग मिसळलेला असतो, हवा नसेल तर तो दिसत नाही, आणि कुठूनतरी हवा शिरली की बाटली हळूहळू गुलाबी व्हायला लागते. ती गुलाबी झाली की त्या दिवसाची मेहनत गेली. ह्या हवा न सोसणाऱ्यांतला एक फिकलीबॅक्टेरियम, तो चोथ्यापासून ब्युटिरेट नावाचा पदार्थ बनवतो आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्याच ब्युटिरेटवर जगतात. थकलेल्या, अशक्त म्हाताऱ्या माणसांत असे जिवाणू कमी झालेले दिसतात. माझं काम ह्याच्याच आसपास आहे.

ह्याच कॉर्कमध्ये एक अभ्यास झाला, २०१२ साली छापून आला, त्यात १७८ वयस्कर माणसांचे नमुने तपासले. जे आपापल्या घरी राहत होते त्यांच्या आतड्यात जिवाणूंचे प्रकार जास्त होते, आणि जे कायमचे वृद्धांच्या केंद्रात राहायला गेले होते त्यांच्यात कमी. ज्यांच्यात कमी, त्यांचा अशक्तपणा जास्त आणि रक्तात सूज दाखवणारे घटकही जास्त. जेवण बघितलं तर केंद्रातल्या लोकांच्या ताटात विविधताच कमी होती. आता जिवाणू कमी झाले म्हणून माणूस थकला का थकला म्हणून जिवाणू कमी झाले, हे एवढ्यावरून कळत नाही, म्हणून पुढं प्रयोग करावे लागतात. २०२१ मध्ये इथल्याच लोकांनी तरुण उंदरांचे जिवाणू म्हाताऱ्या उंदरांना दिले तर त्यांच्या मेंदूतले आणि प्रतिकारशक्तीतले वयामुळं झालेले काही बदल उलटे फिरले. उंदरांमध्ये, माणसात नाही, हे लक्षात ठेवा म्हणजे व्हॉट्सअपवर 'जिवाणू बदला आणि तरुण व्हा' असं काही आलं की फसणार नाही.

तो २०१२ चा अभ्यास मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमच्या मावशीचं गाव आठवलं, धारूरकडचं. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या कोयता घेऊन साखर कारखान्याकडं जातात, मुकादमाची उचल घेतलेली असते, आणि गावात उरतात म्हातारे आणि शाळेतली पोरं. पाच-सहा महिने. त्या काळात मावशीची सासू काय खाते ते मी बघितलंय. सकाळी चहात बिस्किट, दुपारी चटणीभाकरी नाहीतर रेशनच्या तांदळाचा भात, रात्री दुपारचंच उरलेलं. दात नाहीत, गुडघे दुखतात, "एकट्या जिवाला कशाला दोन भाज्या" असं म्हणून ती चूलच पेटवत नाही. आयर्लंडमधल्या केंद्रात निदान कुणीतरी जेवण वाढतं, नोंद ठेवतं. गावात ताट तसंच एकसुरी होत गेलंय आणि त्याची नोंद कुठल्याच कागदावर नाही.

बाहेर आलेल्यांचंही सांगते. इथल्या इंडियन दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं पण विरी गेलेलं असतं, भाकरी थापायला घेतली की कडेनं फाटते, उकड काढून करावी लागते, आणि लॅबमधून रात्री आठला आल्यावर तेवढा जीव राहत नाही, मग ब्रेड. अमेरिकेत गेलेल्या मोंग आणि कारेन लोकांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये आला, हे लोक आग्नेय आशियातून गेलेले. पहिल्या वर्षाच्या आतच त्यांच्या आतड्यातले प्रकार कमी व्हायला लागले, तिथं जन्मलेल्या पोरांत आणखी कमी, आणि चोथा पचवणारे प्रिव्होटेलासारखे जिवाणू मागं पडून बॅक्टिरॉइडिस वाढले. भारतातल्या नमुन्यांमध्ये हे प्रिव्होटेला भरपूर सापडतात, आपल्या धान्य-डाळीच्या जेवणाशी त्याचा संबंध जोडला जातो. हे वाचून मी रविवारी तरी भाकरी करायचीच असं ठरवलंय. पण माझं जाऊ द्या, मी तरुण आहे.

आता मुद्द्याचं. २०२२ मध्ये काही संशोधकांनी जगभरातल्या माणसांच्या जिवाणूंचे जेवढे नमुने सार्वजनिक नोंदीत आहेत त्यांचा देशवार हिशोब केला. कुठले ते माहीत असलेल्या नमुन्यांपैकी ७१ टक्क्यांहून जास्त युरोप, अमेरिका आणि कॅनडातले. भारत, पाकिस्तान, बांगलादेश धरून मध्य आणि दक्षिण आशियात जगातले चौथा हिस्सा लोक राहतात, आणि त्यांचे नमुने १.८ टक्के. त्या १.८ मध्ये सत्तरी ओलांडलेली, आयुष्यभर ज्वारी खाल्लेली, बाहत्तरच्या दुष्काळात मिलो ह्या बाहेरून आलेल्या ज्वारीवर आणि सुकडीवर दिवस काढून खडी फोडलेली आपल्याकडची म्हातारी कुठं असेल?

आणि वेळ हातात फार नाही. उंदरांवरचा २०१६ चा एक प्रयोग आहे, त्यांना पिढ्यानपिढ्या कमी चोथ्याचं खाणं दिलं, दर पिढीला काही जिवाणू कमी होत गेले, आणि चार पिढ्यांनंतर परत चोथा दिला तरी गेलेले जिवाणू नुसत्या चोथ्यानं परत आले नाहीत. आपल्याकडं बघा, खरिपाच्या ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, रेशनवर गहू-तांदूळ आला, घरात भाकरीच्या जागी चपाती आली. मी रेशनच्या विरोधात अजिबात नाही, माणशी पाच किलो धान्यावर कितीतरी घरं उभी आहेत. पण ज्वारीवर वाढलेली शेवटची मोठी पिढी आत्ता सत्तर-ऐंशीत आहे. ती गेल्यावर आपण कशाची तुलना कशाशी करणार?

येळवशीचंच, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाचंच घ्या. भज्जीत किती प्रकारच्या शेंगा, दाणे, पालेभाज्या पडतात, आणि बिंदगीत, म्हणजे मडक्यात, आंबवलेली आंबील. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी ३६ जणांवर प्रयोग केला, ज्यांना दहा आठवडे दही, किमची असे आंबवलेले पदार्थ भरपूर दिले त्यांच्यातले जिवाणूंचे प्रकार वाढले आणि सुजेचे काही घटक कमी झाले. आंबिलीनं तसंच होतं असं मी म्हणणार नाही, ते म्हणायला आंबील पिणाऱ्यांचे नमुने लागतात. आपली परंपरा भारी म्हणून छाती फुगवण्यात मला रस नाही, ती मोजून दाखवण्यात आहे.

नाहीतर होतं काय की जे मोजलं जात नाही त्याच्या नावानं दुकानं निघतात. हे आजचं नाही. मेचनिकॉफ नावाचा मोठा शास्त्रज्ञ, १९०८ चं नोबेल मिळालेला, तो म्हणायचा की आंबट दुधातल्या जिवाणूंनी म्हातारपण लांबतं, स्वतः रोज प्यायचा, आणि युरोपात त्या दुधाचा मोठा धंदा झाला. तो ७१ व्या वर्षी गेला. आता तुमच्या पोटाचं वय सांगतो म्हणून हजारो रुपये घेणाऱ्या चाचण्या निघाल्यात. लातूरच्या माणसाचा नमुना घेऊन त्याची तुलना बाहेरच्या लोकांच्या नमुन्यांशी केली तर त्या रिपोर्टमधून डॉक्टरांनी तरी काय समजायचं? ते पैसे आईवडिलांच्या जेवणावर आणि दातांवर खर्च करा, हे मी ह्याच विषयात काम करणारी म्हणून सांगतेय.

काहीजण म्हणतील तूच ये आणि घेऊन जा नमुने. असे नमुने उचलून परदेशात नेता येत नाहीत, त्याला सरकारी परवानग्या लागतात आणि ते बरोबरच आहे. काम तिथंच व्हायला पाहिजे आणि होऊ शकतं. अंबाजोगाई, लातूर, नांदेड, संभाजीनगरला सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, परभणीचं कृषी विद्यापीठ ज्वारीवर काम करतंय, परभणी मोती ही ज्वारीची जात त्यांचीच, लोह-जस्त जास्त असलेली परभणी शक्ती २०१८ मध्ये आली. पुण्यात एनसीसीएस ह्या सरकारी संशोधन संस्थेकडं जिवाणूंची राष्ट्रीय बँक आहे. नमुने गोठवायला लागणारा उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर आणि लाइटचा प्रश्न असतो हे मला माहीत आहे, पण जिवाणू जिवंत वाढवायचे नसतील, फक्त डीएनए बघायचा असेल, तर जतन करणाऱ्या द्रावणाच्या नळीत नमुना साध्या तापमानाला बरेच दिवस टिकतो. गावात आशाताई आहेत, त्यांना कामाचे नीट पैसे द्या, त्यांच्याइतकं घराघरातलं कुणाला माहीत नाही. आणि म्हाताऱ्या माणसाला समजेल अशा बोलीत संमती घ्या, अंगठा घेऊन मोकळं होऊ नका, निकाल काय आला ते परत जाऊन सांगा.

मी माझ्या बाजूनं सुरुवात केलीय. नमुना कसा घ्यायचा, काय खाल्लं ते कसं लिहून घ्यायचं (भाकरी कशाची, ताजी का शिळी, ताक का दूध, घरात जेवायला सोबत कोण असतं) ह्याची प्रश्नावली मराठीत लिहितेय, संमतीपत्राचा मसुदा झालाय. मायक्रोबायोलॉजीच्या एमएस्सीवाल्या पोरीपोरांनो, प्रोजेक्टला विषय शोधत असाल तर आधी गाइडशी बोला, एथिक्स कमिटीला किती वेळ लागतो ते विचारा आणि मग मला मेसेज करा. शनिवारी दुपारी तुमच्या वेळेनं तीननंतर मी मोकळी असते, व्हिडिओ कॉलवर सगळं समजावून सांगेन. ज्यांच्या ओळखीत कॉलेजमधले कम्युनिटी मेडिसिनवाले कुणी असतील त्यांना खाली टॅग करा.