आमची आम्हीच केलेली चोरी

आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाच्या परवाच्या सभेत माझ्यावर मजकूरचोरीचा ठपका ठेवण्यात आला. ही चोरी वाचनालयाच्याच संकेतस्थळावरून वाचनालयाच्याच संकेतस्थळावर झाली, अशी नोंद इतिवृत्तात रीतसर झालेली आहे. संकेतस्थळाचे काम मी मानद पद्धतीने, म्हणजे फुकट, पाहतो. अध्यक्षांचे भाचेजावई एसईओ सल्लागार, म्हणजे गूगलसारख्या शोधयंत्रांत संकेतस्थळ वर कसे दिसेल हे सांगणारे, आहेत आणि ते मानद नाहीत. त्यांनी आमचे संकेतस्थळ कुठल्याशा मोफत यंत्रातून काढून त्याचा रंगीत अहवाल सभेपुढे ठेवला. त्यात पहिल्याच पानावर लाल वर्तुळात '71 टक्के डुप्लिकेट कंटेंट', म्हणजे एकाहून अधिक पानांवर सापडणारा तोच मजकूर, असे छापलेले होते. अशा नकलेबद्दल गूगल संकेतस्थळाला शिक्षा करते, असे त्यांचे म्हणणे.

हे 71 टक्के म्हणजे काय, तर प्रत्येक पानाच्या माथ्यावरचे वाचनालयाचे नाव, त्याखालचा मेन्यू, तळाचा पत्ता, वेळा, देणगीदारांची नावे आणि हक्क राखून ठेवल्याची ओळ. ज्या पानावर 'गुढीपाडव्यानिमित्त वाचनालय बंद राहील' एवढेच एक वाक्य आहे, तेथे या साऱ्याचे प्रमाण भरणारच. पण आमचे खजिनदार अण्णा हे सहकारी बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे लाल वर्तुळ दिसताच ते सावरून बसले.

"मजकूर मुळात कुणाचा?"

"आपलाच, अण्णा," सल्लागार म्हणाले.

"नक्कल सापडली कुठे?"

"आपल्याच दुसऱ्या पानावर."

"म्हणजे मूळ कोणते आणि नक्कल कोणती?"

"गूगलला तेच तर कळत नाही."

"गूगलला कळत नाही, तर तक्रार कुणी केली?"

यावर सल्लागारांनी अहवालाचे पान उलटले. अण्णांनी मात्र तपास सोडला नाही. वाचनालय किती ठिकाणी आहे, असे त्यांनी मला विचारले आणि 'एकाच' हे उत्तर मिळताच, मग पत्ता इतक्या ठिकाणी कशासाठी, असा सवाल केला. सभेला तो बिनतोड वाटला. तेव्हा सल्लागारांनी तोडगा सुचवला, की पत्ता सगळीकडे राहू द्यावा, मात्र प्रत्येक पानावर तो निराळ्या शब्दांत लिहावा.

"वा, जावईबापू!" अण्णा म्हणाले, आणि ते काम त्यांनी स्वतःकडे घेतले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशेबांवर शेरे लिहिणाऱ्या माणसाच्या आत एक ललित लेखक दबा धरून बसलेला होता, हे त्या दिवशी कळले. 'मारुती मंदिरासमोर' हा आमचा साधा पत्ता आता एका पानावर 'ग्रामदैवताच्या कृपादृष्टीच्या टप्प्यात' असा आहे, दुसऱ्यावर 'जेथे पूर्वी पिठाची गिरणी होती तेथून पूर्वेस' असा आहे. 'सायंकाळी 5 ते 8' ही वेळ कुठे 'दिवेलागणीच्या आगेमागे', तर कुठे 'रात्रीच्या भोजनापूर्वी तीन तास' झाली आहे. एका सभासद बाईंनी फोन करून आपल्या शाखा किती निघाल्या, म्हणून कौतुकाने विचारले.

मी सभेत बोललो नाही असे नाही. गूगलने सप्टेंबर 2008 मध्येच स्पष्ट लिहिले होते, की डुप्लिकेट मजकुराबद्दल शिक्षा होते हा लोकांचा समज आहे. फसवणुकीचा हेतू नसेल तर सारख्या पानांपैकी एक पान निवडून तेवढेच दाखवले जाते. त्या काळी गूगलमध्ये असलेले मॅट कट्स यांनी 2013 मध्ये सांगितले होते, की वेबवरचा 25 ते 30 टक्के मजकूर डुप्लिकेटच आहे आणि त्यात वावगे काही नाही. मेन्यू आणि तळाचा पत्ता पानोपानी येणारच, हे शोधयंत्रे जाणतात. ती पानाचा मुख्य मजकूर वेगळा काढून पाहतात. वाचनालयाचा शिक्का प्रत्येक पुस्तकावर असतो, म्हणून सगळी पुस्तके एकमेकांची नक्कल ठरत नाहीत, हेही मी सांगून पाहिले. अण्णा म्हणाले, "2008 चे परिपत्रक नंतर रद्द झाले नसेल कशावरून?"

गूगलने एक सल्ला जरूर दिलेला होता, की हक्कांविषयीचे लांबलचक निवेदन प्रत्येक पानाखाली छापण्याऐवजी दोन शब्द लिहून सविस्तर पानाचा दुवा द्यावा. तो सल्ला मी पाळलेला आहे. अण्णांनी मात्र त्या दोन शब्दांचीही पर्यायी रूपे तयार करायला घेतली आहेत.

खरी पुनरावृत्ती संकेतस्थळावर आहे, आणि ती अहवालात नाही, याची चीड जास्त आहे. आमचे प्रत्येक पान डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू लावूनही उघडते आणि न लावताही. शिवाय छापण्याची आवृत्ती वेगळी, लेखकानुसार लावलेली यादी वेगळी, शीर्षकानुसार लावलेली वेगळी. यांतले अस्सल पान कोणते, हे शोधयंत्रांना सांगणारी, पानाच्या कोडमध्ये घालायची कॅनॉनिकल नावाची एक ओळ गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी फेब्रुवारी 2009 मध्ये मिळून आणली. ती घालायला मला आमच्या जुन्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती हवी आहे, आणि तिच्या खर्चाचा माझा अर्ज 'निधीअभावी' प्रलंबित आहे. सल्लागारांचे बिल मात्र त्याच सभेत टाळ्यांच्या गजरात मंजूर झाले. स्थानिक संस्थेचे नाव, पत्ता आणि फोन सगळीकडे अक्षरशः सारखे असावेत, हा त्यांच्याच व्यवसायातला प्राथमिक धडा आहे. त्यांनी स्वतःच्या अहवालात तो कसोशीने पाळला आहे, कारण त्याच्या प्रत्येक पानाच्या तळाशी त्यांचे नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक एकाच शब्दांत, एकाच टंकात आहेत. हे मी बोट ठेवून दाखवले, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, की व्यक्तिगत टीका नको.

अण्णांनी आता ग्रंथसूचीकडे मोर्चा वळवला असून, एकाच पुस्तकाच्या चार-चार प्रती का आढळतात आणि त्यांतली मूळ कोणती, याचा लेखी खुलासा माझ्याकडे शनिवारपर्यंत मागितला आहे.