भाडं थांबवा, घर तुमचं? मामाला आलेल्या मेसेजबद्दल

माझा मामा गिरगावातल्या चाळीत राहतो. खोली पागडीची, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे मोजून घेतलेली, पण भाड्याचीच; भाडं महिना ४२० रुपये. चौदा महिने त्यानं ते भरलेलं नाही. पैसे नव्हते म्हणून नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला म्हणून. वर ‘सुप्रीम कोर्टाचा ऐतिहासिक निकाल’ आणि खाली चार मुद्दे: बारा वर्षं राहिलेला भाडेकरू मालक होतो, वाद सुरू झाला की भाडं देऊ नये, कारण दिलं तर मालकाचा हक्क कबूल केल्यासारखं होतं, मालक वीज-पाणी तोडू शकत नाही, ११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही. तीन आठवड्यांपूर्वी लघुवाद न्यायालयाचं समन्स हातात पडलं, तेव्हा कुठे त्यानं हे घरात सांगितलं.

आधी ते बारा वर्षांचं. या हिशोबानं अख्खं गिरगाव कधीच भाडेकरूंच्या नावावर झालं असतं! मेसेजमागचा निकाल खरा आहे, २०१९चा, रविंदर कौर ग्रेवाल खटल्यातला. पण तिथे प्रश्न वेगळाच होता. दुसऱ्याची जागा त्याच्या हक्काविरुद्ध, उघडपणे बारा वर्षं ताब्यात ठेवणाऱ्याला त्या जोरावर स्वतः दावा लावता येतो, की फक्त बचावच करता येतो? कोर्ट म्हणालं, दावाही लावता येतो. भाडेकरूचा यात संबंध काय? तो मालकाच्या परवानगीनं आत आलेला असतो. परवानगीचा ताबा चाळीस वर्षं राहिला तरी परवानगीचाच. शिवाय भाडेकरूपण चालू असताना, ‘मला जागा दिली तेव्हा हा मालकच नव्हता’ असं भाडेकरूला म्हणता येत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम ११६ हेच सांगत होतं आणि २०२४मध्ये नवा कायदा आला तरी हे तत्त्व कायम आहे.

पण हा मुद्दा नुसता हास्यास्पद आहे. घर घालवणारा मुद्दा दुसरा, भाडं न देण्याचा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम १५. मामाला मी हे कलम तीनदा वाचून दाखवलं. भाडेकरू कायदेशीर भाडं देतोय किंवा द्यायला तयार आहे, तोवर त्याला सहसा हुसकावता येत नाही. म्हणजे ज्या ४२० रुपयांना मामा मालकाची कबुली समजत होता, तीच त्याची ढाल होती. थकबाकीसाठी मालकाला आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर ९० दिवस थांबावं लागतं. ती नोटीस आली होती. मामानं ती मेसेजच्या भरवशावर टीव्हीखालच्या खणात टाकली. आता शेवटची संधी: समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी, त्यावर वर्षाला १५ टक्के सरळ व्याज, कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च, आणि निकाल लागेपर्यंत दर महिन्याचं भाडं नियमित. एवढं केलं तर थकबाकीच्या कारणावरून ताबा जात नाही. व्याजासकट रक्कम होते साडेसहा हजारांच्या आत. एवढ्यासाठी गिरगावातली खोली!

‘मेहताजीच (मालकाचा भाडं गोळा करणारा माणूस) यायचा बंद झाला, भाडं कुणाला देऊ?’ हे मामाचं पालुपद. मालक भाडं घेत नाही हे जुनंच तंत्र आहे. आजोबांच्या बिस्किटांच्या डब्यात परत आलेल्या मनिऑर्डरींच्या पावत्या अजून आहेत, ‘घेण्यास नकार’ या शेऱ्यासकट, रबरबँडनं बांधून. सातवी शिकलेल्या माणसाला कळत होतं की नकाराचाही पुरावा ठेवावा लागतो. बँकेत नोकरी केलेल्या त्याच्या मुलाला फॉरवर्ड पुरला.

वीज-पाण्याचं मात्र खरं आहे, हे कबूल करावं लागेल. पुरेसं कारण नसताना मालकानं अत्यावश्यक सोय तोडली तर कलम २९खाली तो गुन्हा आहे, भाडं थकलेलं असलं तरी स्वतःच्या हातानं कुलूप ठोकण्याचा हक्क त्याला मिळत नाही. मेसेज लिहिणाऱ्यानं हे एक खरं वाक्य टाकलं आणि बाकीची तीन त्याच्या आडून खपवली.

११ महिन्यांचा करार न नोंदवणं इतर राज्यांत चालत असेल. महाराष्ट्रात कलम ५५नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मुदत कितीही असो, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. मामाला याचा काडीचाही उपयोग नाही.

सोमवारी आम्ही धोबीतलावला जातोय, कोर्टात पैसे भरण्याचा अर्ज घेऊन. वकीलबाईंनी जुन्या भाडेपावत्या, नोटीस आणि समन्स आणायला सांगितलंय. मामानं पिशवीत तो डबाही भरलाय. मेसेज मात्र त्यानं अजून पुसलेला नाही. ‘बाईंना एकदा दाखवू या तरी,’ म्हणतो.