तुळस बुडते कशी

कुंडीतल्या तुळशीनं मान टाकली की घरातला प्रत्येक जण तिला पाणी घालतो. सकाळी पूजेचा तांब्या, दुपारी तांदळाचं धुवण, संध्याकाळी ‘बिचारी सुकली गं’ म्हणत अर्धी बादली. ती सुकलेली नसते, गुदमरलेली असते, एवढं बोललं की मी नास्तिक ठरतो.

मुळांनाही श्वास लागतो. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या, की मुळांत पाणी ओढायचंही त्राण उरत नाही. पाण्यात उभी राहून तुळस तहानेनं मान टाकते आणि आपण पुढचा तांब्या ओततो. शेतकऱ्याकडे यावर नेमका शब्द आहे: वाफसा. माती ओलसर, पण हवा खेळती. कुंडीत दोन पेरं बोट खुपसा. चिखल लागला तर तांब्या परत देवघरात.

तळाला खडीचा थर देणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. (घालतो.) बारीक मातीतलं पाणी जाड खडीत लगेच उतरत नाही, खडीवरची माती तुडुंब भिजल्यावरच उतरतं. म्हणजे दलदल तशीच, फक्त दोन इंच वर सरकलेली आणि मुळांची जागा तेवढी कमी. भोकावर एक खापरी पालथी ठेवली की झालं. अर्धी माती, पाव भाग कुजलेलं शेणखत, उरलेल्यात कोकोपीट आणि जाड वाळू. खालच्या ताटलीतलं पाणी रोज ओतून द्या, ते तीर्थ नव्हे.

काळी प्लास्टिकची कुंडी पश्चिमेच्या गॅलरीत असेल, तर एप्रिलमध्ये उन्हाकडच्या कडेची माती सहज चाळिशी ओलांडते आणि तिथली मुळं भाजतात. बाहेरून गोणपाट गुंडाळा.

तरीही मान वर होत नसेल, तर तुळस कुंडीतून अलगद उपटून पाहा. चांगली मुळी पांढरी, टणक. कुजलेली तपकिरी; चिमटीत धरून ओढली की साल बोटांत येते आणि मागे दोऱ्यासारखी शीर उरते. असली मुळं कात्रीनं काढा. कडेनं शेवयांसारखी वेटोळी झाली असतील, तर गड्ड्याला चार उभ्या चिरा द्या. शेंडेही थोडे छाटा, नवी माती भरा, आठवडाभर सावलीत ठेवा.

रविवारी आणि एकादशीला तुळशीला पाणी घालू नये म्हणतात. त्या आठवड्यापुरते उरलेले वारही यात धरायला माझी हरकत नाही.