रफाराचे वेगळे पैसे

“छान आहे हो! ऑनलाइन मागवलंत?”

बारशाला आलेल्या एका बाईंनी भिंतीकडे बोट दाखवून विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता सांगूनही टाकलं की त्यांच्या भाचीने सेलमध्ये याहून स्वस्तात आणली होती, वर लाइटवाली. मी बाळाची आत्या. कानात नाव सांगायचा मान माझा. त्या मानाला जागून मी हसले.

भिंतीवर भाच्याचं नाव होतं, कापडी अक्षरांत. शौर्य. कापड कुणबी चौकड्यांचं, लालभडक. मुळात ही शेतात राबणाऱ्या बायकांची साडी. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती फॅशनच्या मंचावर नेली आणि आता म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मला दिसेल तो लाल चौकडा ‘ओरिजिनल कुणबी’ निघाला. खऱ्या हातमागाचा भाव ऐकला आणि मी निमूटपणे यंत्रमागावर उतरले. विणणाऱ्याला त्यातलं किती मिळतं, हे विचारायची सोय नाही.

फेल्ट घेतलं असतं तर सुटले असते. त्याच्या कडा उसवत नाहीत. सुती कापड कात्री लागताच दोरे सोडतं. म्हणून आतून बक्रम, म्हणजे कडक अस्तर, लावायचं, दोन तुकडे उलटे ठेवून शिवायचे, गोलाईला कात्रे द्यायचे, मग सुलट करून उशीतलं फायबर कोंबायचं. ‘श’च्या गाठीत बोट शिरत नाही, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने ढोसावं लागतं. बक्रमात माझी सुई वाकली, तेव्हा तुकडे घेऊन मी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेले.

“बाये, हें कितें?”

“अक्षरं. दोनच आहेत. कडेने शिलाई मारून द्या.”

त्याने कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि एकेक तुकडा पत्त्यासारखा मांडला. “दोन खंय? हो श. हो कानो. ह्यो दोन मात्रा. हो य. आनी हें वयर उडटा तें?”

“रफार.”

“रफाराचे वेगळे पैशे.”

“अहो, तो ‘य’च्या डोक्यावरच बसतो. ‘य’चाच आहे तो.”

“कॉलर शर्टाचीच न्हय? ती हांव फुकट लायतां?”

ब्लाउजसाठी थांबलेल्या एक निवृत्त मास्तरीणबाई इथे पुढे सरसावल्या. त्यांचा निवाडा असा, की रफार म्हणजे अर्धा र, तेव्हा पैसे अर्धे. शिंपी उखडला. जितका तुकडा लहान तितका त्रास जास्त, सुईखाली तो धरायचा कसा, हे त्याने माझाच रफार चिमटीत पकडून दाखवलं. त्याचं खरं होतं, पण त्या क्षणी मी मास्तरीणबाईंच्या पक्षात होते. मग मात्रांचा भाव निघाला. दोन एकसारख्या असल्याने सूट मिळावी, असं बाईंचं म्हणणं. “जुळ्यांक एकूच कपडो शिवतात?” हे त्याचं उत्तर.

शेवटी तो वैतागून म्हणाला, “ल्हान नांव दवरूंक जाय आशिल्लें. रवी.”

“रवीला वेलांटी आहे,” बाई म्हणाल्या.

“मागीर अमर. कानो ना, मात्रा ना.”

दोघांचं एकमत झालं. बाळाचा बाप, म्हणजे माझा भाऊ, तिथे असता तर नाव बदलूनच घरी गेला असता. मी पूर्ण पैसे मोजले, रफारासकट.

आणि बारशाला काय ऐकलं, तर “ऑनलाइन मागवलंत?” हीच माणसं हॉटेलात वाटीभर सोलकढीला पैसे मोजताना चकार शब्द काढत नाहीत. हाताने केलं की ते फावल्या वेळातलं, म्हणजे फुकटचं. माझा वेळ फावला होता, हे यांना कुणी सांगितलं? कात्रीचे वळ अजून अंगठ्यावर आहेत.

त्यात वहिनीचं माहेरचं घर जुनं, चिऱ्याचं. गोव्यात पावसाळ्यात सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा याच भिंतीत मुरत असावा. खिळा मारला की गिलावा भुसभुशीत होऊन खाली येतो, आणि दोन्हीकडून चिकटणारी टेप ओलीपुढे टिकत नाही. सर्वांत आधी रफार निखळला. वहिनीने तो डायपरच्या पाकिटावर ठेवलाय. पाऊस गेला की लावू, म्हणते.

तोवर भिंतीवर ‘शौय’. काल एक काका बाळाला बघायला आले होते, चष्मा घरी विसरून. लांबून त्यांनी त्या ‘य’चा ‘च’ केला, आणि हातपाय धुवायला म्हणून थेट पाळण्याच्या खोलीत शिरले.