पांढरा म्हणजे जास्त उजेड नव्हे

गाडीच्या हेडलाइटवरच्या लेखात ५००० केल्विनचे निळसर हॅलोजन बल्ब ‘जास्त उजेडाचे’ म्हणून सुचवलेत, ते पटलं नाही. केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचं माप, उजेडाचं नव्हे. साधा हॅलोजन ३२०० केल्विनच्या आसपास असतो. निळसर बल्बच्या काचेवरचा निळा थर पिवळा-तांबडा प्रकाश अडवतो, म्हणून त्याचा प्रकाश पांढरा दिसतो. म्हणजे त्याच ५५ वॅटमध्ये रस्त्यावरचा उजेड उलट घटतो. पावसात तर हे फारच जाणवतं. उजेड कमी वाटत असेल तर आधी बल्बच्या पिनांवरचं व्होल्टेज मोजा की राव! जुन्या गाडीत वायर आणि स्विचमध्येच एखादा व्होल्ट खर्ची पडतो. रिले (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच) आणि फ्यूज टाकून बॅटरीवरून जाड वायर ओढली की तोच बल्ब लख्ख पेटतो. १०० वॅटचे मात्र साध्या होल्डरात नकोतच, प्लास्टिक वितळतं. आणि हो, बसवताना काचेला बोट लावू नका.