गोळ्या वाटाव्यात, गिळवू नयेत

हत्तीरोग दुरीकरण मोहिमेच्या प्रचाराचं काम अखेर तुमच्या गळ्यात पडलं, त्याबद्दल अभिनंदन. जिल्हा पूर्व विदर्भातला आहे आणि तुम्ही तिथले नाही, हे तर फारच उत्तम. माणसं ओळखीची निघाली की ती प्रश्न विचारतात, आणि प्रश्नांसाठी आराखड्यात रकाना नसतो.

पहिलं काम फ्लेक्सचं. मजकूर असा ठेवा: 'सामुदायिक औषधोपचार मोहिमेअंतर्गत डीईसी व अल्बेंडाझोल गोळ्यांचे प्रत्यक्ष देखरेखीखाली सेवन करून सहकार्य करावे.' भामरागडकडे माडिया बोलतात, आणखी कुठे गोंडी, असं कोणीतरी सांगेल. माननीयांचे सात फोटो बसवल्यावर एका भाषेलाच जागा पुरत नाही, हे त्याला दाखवा. चित्र मात्र हवंच, आणि ते खांबासारख्या सुजलेल्या पायाचंच हवं. धडधाकट माणूस ते चित्र बघतो, मग स्वतःच्या पायाकडे बघतो आणि निर्धास्त होतो. "मले का झालं? माया पाय तं बरा आहे."

याला उत्तर आहे, पण ते गावापर्यंत पोहोचू देऊ नका. सुजलेला पाय या गोळीने उतरत नाही. गोळी मुळात बऱ्या दिसणाऱ्या पायांसाठी आहे. जंतू अंगात वर्षानुवर्षं राहतात, त्यांची पिल्लं रक्तात फिरतात, माणसाला पत्ताही नसतो; डास ती उचलतो आणि शेजाऱ्याच्या अंगात नेऊन सोडतो. म्हणून सगळ्या गावाने एकदम घ्यायची. एवढं साधं आहे. त्यामुळे प्रशिक्षणात हा भाग शेवटच्या पाच मिनिटांसाठी ठेवावा, चहाचे कप फिरत असताना.

तारखांची काळजी दिल्लीने घेतलेली आहे: १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट. त्यातली ऑगस्टची फेरी सोन्यासारखी. भाताच्या पट्ट्यात तेव्हा रोवणी चालते, अख्खं गाव सकाळीच बांध्यांमध्ये उतरलेलं असतं. आशाताईंना बरोबर दहा वाजता घरोघरी पाठवा. घरात म्हातारी असेल. ताई तिच्या हातात पाच जणांच्या गोळ्या ठेवतील, मोठ्या माणसाला डीईसीच्या तीन आणि अल्बेंडाझोलची एक, आणि रिकाम्या पोटी घेऊ नका म्हणून बजावतील. "ठेव बाई, राती खातीन सप्पा जण," असं म्हणून म्हातारी पुडी देवळीत ठेवेल, तिथे मागच्या वर्षीची पुडी अजून असेल. रजिस्टरमध्ये पाचही नावांपुढे 'समक्ष गिळली' अशी खूण होईल. ताईंना दोष देऊ नका हं. दुपारपर्यंत पन्नास घरं संपवायचं टार्गेट त्यांना तुम्हीच दिलेलं आहे. संध्याकाळी सातला, चिखलाचे पाय धुऊन माणसं जेवायला बसतात तेव्हा कोणी गेलं, तर गोळ्या खरोखर पोटात जातील. पण सातला कार्यालय बंद असतं.

आता नाजूक विषय. ज्याच्या रक्तात जंतू आहेत त्याला गोळी घेतल्यावर ताप येऊ शकतो, डोकं दुखतं, मळमळतं. जंतू मरत असल्याची ती खूण. बहुतेकांचं एक-दोन दिवसांत ओसरतं. हे लोकांना आधी सांगू नका. सांगितलंत तर ताप आलेला माणूस शेजारी जाऊन म्हणेल, 'बघ, माझ्या अंगात होते, औषध लागू पडलं.' मग शेजारीही घेईल आणि सगळा मामला हाताबाहेर जाईल. गप्प बसलात की काम आपोआप होतं. रात्री अकराला तिघांना ताप येतो, साडेअकराला व्हॉट्सॲपवर 'गोळ्यांतून विषबाधा' फिरायला लागतं, सकाळी पुढच्या पाच गावांत दारं बंद होतात. मग तुम्ही पत्रक काढायचं: 'अफवांवर विश्वास ठेवू नये.' त्याचा नमुना कार्यालयात असतोच, फक्त तारीख बदलायची.

माडिया गावांत शिरताना तर विशेष दक्षता घ्या. तिथे नवा आंबा किंवा नवं धान्य पंडुम, म्हणजे नव्या फळा-पिकाचा सण, झाल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही. आंब्यासारख्या आंब्यालाही तिथे गावाची परवानगी लागते. तुम्ही मात्र जीपमधून उतरून, कोण कुठले न सांगता, गोळी थेट तोंडाशी न्या. आदल्या आठवड्यात गावाच्या मानकऱ्याकडे, म्हणजे गायत्याकडे, आणि पुजाऱ्याकडे जाऊन बसलात, त्यांनी गावासमोर पहिली गोळी गिळली, तर उरलेलं गाव रांगेत उभं राहण्याचा धोका आहे. शिवाय फोटोत मधोमध गायता येईल आणि साहेब कडेला जातील, ते वेगळंच.

रात्रीच्या रक्तनमुन्यांचंही तसंच. हे जंतू रक्तात दिसतात ते रात्री दहा ते दोनच्या सुमारास. त्या वेळी झोपलेल्या घराची कडी वाजवून 'बोट पुढे करा' म्हणा; विश्वास संपादन करण्याची ही जुनी पद्धत आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरतात, वडसाच्या कंपन्यांची नाटकं रात्रभर चालतात आणि चार गावांची जागी माणसं एका मंडपाखाली असतात, हे विसरून जा. तिथे मध्यंतरात एखाद्या विनोदी नटाने हत्तीरोगावर चार वाक्यं टाकली, तर ती लोकांच्या लक्षात राहतील. तुमच्या फ्लेक्सचं तसं काही होणार नाही.

कोणी आगाऊ माणूस पोलिओचं उदाहरण देईल. २००२ साली देशात पोलिओचे १,६०० रुग्ण निघाले, त्यातले बहुतेक उत्तर प्रदेशात. डोसाने मुलं नपुंसक होतात अशी तिथे अफवा होती. मग त्याच गल्लीतल्या बायकांना घरोघरी पाठवलं गेलं, इमामांकडून मशिदींच्या भोंग्यांवरून पुकारा करवला, अलीगढ आणि जामियाच्या प्राध्यापकांना पुढे आणलं, गाडीत बसलेल्या बाळांनाही स्टेशनवर गाठलं. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. चांगलं आहे, पण इतक्या वर्षांत तुमच्या तीन बदल्या होतात. कशाला त्या फंदात पडता?

राहिला अहवाल. निदान ६५ टक्के लोकांच्या पोटात औषध जायला हवं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. तुम्ही नव्वदच्या वर राहा. पुढे तपासणीत रक्तात जंतू निघालेच, तर 'जनतेत जागृतीचा अभाव' हे कारण लिहा, ते कुठल्याच वरिष्ठाने आजवर खोडलेलं नाही. आणि हो, २००२ च्या आरोग्य धोरणात हत्तीरोग २०१५ पर्यंत जाणार होता, २०१७ च्या धोरणात २०१७ पर्यंत, आता २०२७ ठरलंय. फ्लेक्सवाल्याला सांगा, बाकी सगळं पक्कं छाप. साल तेवढं स्टिकरचं ठेव.