पहिला जिंकणारा कुणाचा माणूस?

'गोदाकाठचा गेमर' या नावाने आलेली प्रतिक्रिया जशीच्या तशी छापली आहे, एक शब्दही कापलेला नाही. उत्तर लांबलं म्हणून वेगळं टाकतोय.

ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लाइव्ह स्ट्रीमवर जुगाराच्या ॲपचा प्रचार करणाऱ्यांवर बंधन हवंच, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की सज्ञान माणूस स्वतःच्या पैशाचं काय करतो ते विचारणारे आपण कोण? सरकार स्वतः लॉटरी विकतं, शेअर बाजारातल्या ऑप्शन ट्रेडिंगमध्ये लोक साफ होतात, तिथे कुणी ब्र काढत नाही. एकीकडे बंद केलं की सगळं टेलिग्रामवर जातं. आणि नाशिकच्या पोराला स्ट्रीमिंगमधून दोन पैसे मिळाले तर तुमच्या पोटात का दुखतं? शेवटी, "काका, तुम्हाला गेमिंग आणि गॅम्बलिंगमधला फरक कळत नाही."

काका चालेल. पन्नाशी केव्हाच उलटली.

फरकाचं मात्र तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. "दिवसभर गेम खेळणारी पोरं" असं मी सरसकट लिहून गेलो. रात्री दोनपर्यंत जागून पन्नास-साठ लोकांसमोर बीजीएमआय हा मारधाडीचा मोबाइल गेम खेळणारा मुलगा आणि स्लॉट, म्हणजे जुगाराची चक्रं, फिरवून दाखवणारा, हे एका माळेचे मणी नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यातही ई-स्पोर्ट्स वेगळे धरलेत आणि पैसे लावून खेळायचे खेळ वेगळे. ते वाक्य मी लेखातून काढलंय.

आता 'स्वतःच्या पैशाने' या शब्दांकडे येतो, कारण माझं सगळं भांडण तिथेच आहे.

ऐंशीच्या दशकात आम्ही नवरात्रात नाशिकच्या कालिकेच्या यात्रेला जायचो. पाळण्यांच्या मागच्या अंधारात गॅसबत्तीपाशी सतरंजी टाकून एक तीनपत्तीवाला बसायचा. तीन पानं उलटी, त्यातली राणी ओळखायची. भोवती घोळका, पण पैसे लावायला कुणी धजायचं नाही. मग पांढऱ्या पायजम्यातला एक जण पुढे व्हायचा, दहाची नोट ठेवायचा आणि वीस घेऊन जायचा. लगेच घोळका पुढे सरकायचा. दुसऱ्या दिवशी आम्ही जरा उशिरा गेलो, यात्रा उठत आली होती. तोच पांढऱ्या पायजम्यातला माणूस तीनपत्तीवाल्याची सतरंजी झटकून घडी घालत होता.

मी ज्याच्यावर बंधन मागतोय तो हा पायजमावाला. घोळक्यातल्या माणसाला मी काही म्हणत नाही. नवा कायदाही म्हणत नाही, खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, पैसे फिरवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला. जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड.

पुरावा तर तुम्हीच दिलाय. तुम्ही लिहिता की तुम्हालाही अशी ऑफर आली होती, महिन्याला तीस हजारांची, "बॅलन्स आम्ही टाकू, तुम्ही फक्त खेळून दाखवा आणि तुमचा कोड खाली लावा." तुम्ही ती नाकारली, त्याबद्दल खरंच मानलं तुम्हाला. पण त्या मेसेजमध्ये सगळं आलं की हो. बॅलन्स त्यांचा. हरला तर त्यांचा गेला, जिंकला तर क्लिप झाली. बघणाऱ्याला वाटतं, हा आपल्यासारखाच, नाशिकरोडचा पोरगा, दोन लाख लावतोय आणि पाच लाख काढतोय. कोडचं, म्हणजे ॲपवर नाव नोंदवताना टाकायच्या त्याच्या खुणेचं, तर आणखी वाईट. अशा बऱ्याच सौद्यांमध्ये कोडवरून आलेला माणूस जेवढा हरेल त्याचा टक्का कोडवाल्याला मिळतो. म्हणजे जो 'भावांनो, आज जिंकायचंच' म्हणतोय त्याचं घर भावांच्या हरण्यावर चालतं.

बाहेर हा धंदा केवढा होता बघा. एका बड्या अमेरिकी स्ट्रीमरने २०२२ मध्ये आपल्याच तोंडाने सांगितलं की जुगाराच्या साइटकडून त्याला सोळा महिन्यांत ३६ कोटी डॉलर मिळाले. एवढं मानधन देऊन साइट फायद्यात राहते, तर पैसा येतो कुणाच्या खिशातून?

जरा हिशेब करू. समजा ॲप म्हणतं की शंभरातले ९७ रुपये आम्ही खेळणाऱ्यांना परत देतो. ऐकायला सोन्यासारखं. पण हे शंभर एकदाच लागत नाहीत. विमान वर जातं, आकडा वाढतो, फुटायच्या आत बटण दाबायचं, अशा खेळात मिनिटाला तीन डाव सहज होतात. ५० रुपयांचा डाव धरला तर तासाला १८० डाव, म्हणजे ९ हजार रुपये फिरले. त्याचे तीन टक्के २७०. पाचशे घेऊन बसलेला मुलगा सरासरीने दोन तासांच्या आत रिकामा. मधे दोनदा त्याचे हजार होतात, तेवढंच त्याच्या लक्षात राहतं. स्ट्रीमवाला मात्र रिकामा होतच नाही, त्याचं मडकं मागून कुणीतरी भरत असतं.

आणि हे मी पुस्तकातून सांगत नाही. नाशिकच्या सिडकोत माझं झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान आहे. संध्याकाळी सातनंतर अंबडच्या कारखान्यांची शिफ्ट सुटली की पोरं येतात. "काका, पाचशे कॅश घ्या आणि या क्यूआरवर टाका ना, माझं यूपीआय चालत नाहीये." घरच्यांनी बँकेचं ॲप काढून टाकलेलं असतं, हे मला नंतर कळलं. सुरुवातीला मी टाकायचो. एकदा एकच मुलगा तीन दिवस आला. पहिल्या दिवशी क्यूआरवर कुठल्यातरी किराणा दुकानाचं नाव आलं, दुसऱ्या दिवशी एका टेलरचं, तिसऱ्या दिवशी दूधवाल्याचं. ॲप तेच. मी विचारलं, "हे तीन धंदे कुणाचे रे?" तर म्हणाला, "ते रोज बदलतं, ग्रुपवर नवीन येतं." त्याला ॲप कुठे सापडलं विचारलं, तर त्याने मोबाइल पुढे केला. मराठीत बोलणारा, आपल्याच बाजूचे शब्द वापरणारा एक स्ट्रीमर. मागे लायटिंग, शेजारी शिवरायांची मूर्ती, कोपऱ्यात कोड. त्या दिवसापासून दुसऱ्याच्या क्यूआरवर पैसे टाकून देणं मी बंद केलं. गिऱ्हाईक थोडं तुटलं.

लॉटरीबद्दल माझ्याकडे चोख उत्तर नाही. राज्य सरकारची लॉटरी १९६९ पासून आहे आणि तिच्यापायी बरबाद झालेली घरं मीही पाहिलीत. एवढंच म्हणेन की लॉटरीच्या टपरीवरचा माणूस आठ तास तुमच्यासमोर जिंकल्याचं नाटक करत नाही.

शेअर बाजाराचं उदाहरण मात्र तुमच्यावरच उलटतं. फ्युचर-ऑप्शनमध्ये १०० पैकी ९३ किरकोळ गुंतवणूकदार तोट्यात गेले, हे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनेच २०२४ मध्ये जाहीर केलं. पण "तिथे कुणी बोलत नाही" हे चूक. जानेवारी २०२५ मध्ये सेबीने सांगितलं की नुसतं शिकवण्याच्या नावाखाली गेल्या तीन महिन्यांतले भाव दाखवता येणार नाहीत. ट्रेडिंग करायला बंदी नाही, चालू भाव दाखवून लोकांना ओढण्याला आहे. मी स्ट्रीमवाल्यांसाठी याहून वेगळं काय मागतोय?

राहिला टेलिग्रामचा मुद्दा. हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. ट्विच या गेम स्ट्रीमिंगच्या प्लॅटफॉर्मने ऑगस्ट २०२१ मध्ये आधी फक्त लिंक आणि कोड बंद केले, खेळून दाखवणं चालूच राहिलं. पुढच्या वर्षी एका ब्रिटिश स्ट्रीमरने चाहत्यांकडून आणि इतर स्ट्रीमरांकडून दोन लाख डॉलरहून जास्त उसने घेऊन जुगारात घातल्याचं उघड झालं, मोठी नावं चिडली, आणि १८ ऑक्टोबर २०२२ पासून परवाना नसलेल्या स्लॉट, रूलेट, फाशांच्या साइट बंद झाल्या. सामन्यांवरचं बेटिंग आणि पोकर तरीही चालू ठेवलं. आणि दोनेक महिन्यांत किक नावाचा स्ट्रीमिंगचा नवा प्लॅटफॉर्म उभा राहिला, त्याच्या मागे बंदी आलेल्यांपैकीच एका साइटचे मालक. म्हणजे तुम्ही म्हणता तसं झालं, हे मान्य.

तरी मी बंदीच्या बाजूने का? कारण दुकानात येणारा तो मुलगा जुगार शोधायला गेलाच नव्हता. तो क्रिकेटच्या क्लिप बघत होता, एकामागून एक व्हिडिओ आपोआप लागत गेले आणि पायजमावाला समोर आला. टेलिग्रामवर जायला पाय उचलावा लागतो. यूट्यूबने १९ मार्च २०२५ पासून गुगलची मान्यता नसलेल्या जुगाराच्या साइटकडे नेणं बंद केलं, अगदी तोंडी नाव घेणंसुद्धा किंवा लोगो दाखवणंसुद्धा. चोर वाटा काढणारे आहेतच, नावातलं अक्षर बदलतात, हाताने खुणा करतात. पण आता लपावं लागतंय.

जाता जाता, जुलै २०२५ मध्ये आपल्या सिन्नरच्या माणिकराव कोकाट्यांचा विधिमंडळातला व्हिडिओ गाजला होता, मोबाइलवर रमी दिसत होती म्हणून. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात स्किप करत होतो, असं त्यांचं म्हणणं. ते खरं धरलं तर सभागृहात बसलेल्या कृषिमंत्र्यालाही ही जाहिरात न बोलावता गाठते. मग सिडकोतल्या अकरावीच्या पोराचं काय सांगावं! (त्याच महिन्यात पुढे त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. यावर मी काही बोलत नाही.)

तुमची एक भीती मात्र माझीही आहे. उद्या कारवाई झाली तर पाचशे फॉलोअरवाला पोरगा आधी सापडेल. रस्त्यावर सोरटाचा जुगार लावणाऱ्याला पोलीस जुगारबंदी कायद्याच्या कलम १२ (अ) खाली उचलतात, त्याला सोरटाची वही पुरवणारा कुठे बसलाय ते बातमीत कधी येत नाही, तसंच. म्हणून मला वाटतं सुरुवात प्लॅटफॉर्म आणि त्या रोज बदलणाऱ्या क्यूआरपासून व्हावी, पोराला आधी नोटीस मिळावी. यावर तुमचं माझं जमेल असं दिसतंय.

तो ऑफरचा मेसेज अजून मोबाइलमध्ये असेल तर तुमचं आणि पाठवणाऱ्याचं नाव झाकून स्क्रीनशॉट मला मेल करा. परवानगी दिलीत तर या उत्तराच्या खाली लावतो. 'बॅलन्स आम्ही टाकू' ही ओळ तेवढी झाकू नका.